पिवळ्या कार्डाची जाहीर सभा

डॉ. नीमा म्वाकालिंगा टांझानियाहून घाटंजी तालुक्यात सिकलसेलवर संशोधन करायला आल्या, तेव्हा त्यांची एकच अट होती: सत्कार नको. रुपालीने ती वडिलांना दोनदा समजावून सांगितली. नागोरावांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मंडपवाल्याला फोन लावला.

"पाव्हणी आफ्रिकेतून आली अन् आपण तिले नुसता चहा पाजून धाडू? लोक काय म्हणतीन!"

रुपाली समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि नीमाबाईंची दुभाषी होती. हा आजार टांझानियातली आणि विदर्भातली खेडी का लपवतात, हा बाईंचा विषय. रक्ताचा हिशेब सोपा आहे. दोष आईबापांपैकी एकाकडून आला तर माणूस वाहक, त्याला पिवळं कार्ड. दोघांकडून आला तर रोगी, त्याला लाल. कुणाकडूनच आला नाही तर पांढरं. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. फक्त दोन पिवळ्यांनी लग्नाआधी विचार करायचा. पण लग्नाआधीचा विचार घरातली वडीलधारी मंडळी करतात, आणि त्यांचा पहिला विचार कार्ड कुठे लपवायचं हाच असतो.

रुपालीचं कार्ड पिवळं होतं. नागोरावांनी ते गव्हाच्या कोठीमागे टाकलं होतं.

मंडपाचं खरं कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. यवतमाळच्या चंदाबाई आणि त्यांचा मुलगा धम्मरत्न. मुलगी परदेशी बाईशी फाडफाड इंग्रजी बोलताना दिसली की होकार जागेवरच मिळेल, असा नागोरावांचा अंदाज होता.

शाल झाली, नारळ झाला. सरपंच हिरासिंग यांनी आफ्रिका हा देश आणि विदर्भ यांचं नातं फार जुनं असल्याचं सांगितलं. दोन्हीकडे ऊन सारखंच. नीमाबाईंनी वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं असं सांगितलं, तेव्हा सरपंचांनी मध्येच विचारलं, "म्हंजे डास चावत नाही काय?"

"चावतो. माणूस सहसा मरत नाही."

"मंग मच्छरदाणी वाटलीच पाहिजे," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या.

मग नीमाबाईंनी विचारलं, इथं पिवळं कार्ड कुणाकुणाचं आहे? रुपालीने प्रश्न मराठीत केला आणि पहिल्या रांगेकडे पाहणं टाळलं. एकही हात वर झाला नाही. गेल्याच तपासणीत गावभर कार्डं वाटलेल्या आशाताई मंडपाच्या कापडावरची नक्षी पाहू लागल्या.

नीमाबाईंना नवल वाटलं नाही. "आमच्याकडेही पहिल्या सभेत कुणीच वाहक नसतो," त्या म्हणाल्या. "म्हणून मी माझंच सांगते. मी वाहक आहे. माझ्या काकांनी लग्नाआधी ते लपवलं. नवराही वाहक निघाला. आमचा मुलगा रोगी आहे. थंडी पडली की हाडं दुखतात. ओरडतो. मी डॉक्टर आहे आणि त्याच्याजवळ नुसती बसून राहते."

रुपालीने शेवटचं वाक्यही जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

चंदाबाईंना राहवलं नाही. "अवं, तिले विचार बरं, तिच्या सासूनं काहून नाही विचारलं आधी?"

नीमाबाई हसल्या. "सासूनं विचारलं असतं, तर तिलाही उत्तर द्यावं लागलं असतं."

रुपालीने हे चंदाबाईंच्या डोळ्यांत पाहून सांगितलं. मग माईक हातातच ठेवून म्हणाली, "मावशी, हे आता बाईंचं नाही, माझं. माझं कार्ड पिवळं हाये."

नागोराव उठलेच. "ते जुनं कार्ड होय!"

"रक्त जुनं होत नाही, बाबा."

कुणीतरी फिसकन हसलं. रुपाली थांबली नाही. "धम्मरत्नचं कोणतं हाये, मावशी?"

"आमच्यात नाही बाई तसलं काही."

"तपासलं काय?"

"कायले तपासाचं? धडधाकट हाये पोरगं."

धडधाकट पोरगं उभं राहिलं. "तपासलं होतं, आई. कॉलेजात. पिवळंच निघालं. तूच तर म्हणली, तिकडं बोलू नको."

चंदाबाईंनी मुलाला चिमटा काढला, तो मागच्या रांगेपर्यंत दिसला. मंडप हसून लोटपोट झाला. साखरपुड्याआधीच आणि एवढ्या साक्षीदारांसमोर मोडलेली ही तालुक्यातली पहिलीच सोयरीक असावी.

पहिला हात आशाताईंनी वर केला. मग तिघींनी. मग दोन जावा भांडू लागल्या, की घरात हे कुणाच्या माहेरून आलं. नीमाबाईंनी रेकॉर्डर पुढे सरकवला. नागोराव मंडपवाल्याशी उगाचच दोरीवरून वाद घालत होते. मुलीकडे पाहायला त्यांना वेळ नव्हता.

धम्मरत्न माईकजवळ आला. "तुमचं इंग्रजी चांगलं हाये," तो म्हणाला.

"थँक्यू," रुपाली म्हणाली. हा माणूस आपल्याला आवडला असता, हे तिला आत्ता कळलं.

पलीकडे चंदाबाई बायकांच्या घोळक्यात शिरल्या होत्या. त्या काय विचारताहेत, असं नीमाबाईंनी विचारलं. रुपालीने कान दिला आणि शब्दाला शब्द लावून सांगितलं:

"पांढऱ्या कार्डाची पोरगी आहे का कुणाकडे, असं विचारतात. मोठ्यानं."