उभ्या गाडीचा वारा

"मागच्या रस्त्याने घे रे बाबा," आत्या पैलवानाला म्हणाली.

"वळणार नाही, आत्या. दोन गाड्यांची लांबी आहे," असं म्हणून पैलवानाने हॉर्न वाजवत गाडी सरळ पुढच्या रस्त्यानेच गॅरेजच्या गल्लीत घातली. वळली असती. पण मिरवायची संधी कोण सोडतो?

आत्या धंद्यातल्या या प्रतिस्पर्ध्याच्या नव्याकोऱ्या केबिनमध्ये मान ताठ ठेवून बसली होती. मागे तिचा निळा टोइंगचा ट्रक नाक वर करून हुकाला लटकला होता. इतकी वर्षं घाटात अडलेल्या गाड्या ओढून वर नेणारा ट्रक आज स्वतःच ओढून आणला जात होता. हे बघायला अख्खी गल्ली बाहेर आली. टायरवाला आला, वेल्डिंगवाला काळा चष्मा कपाळावर सरकवून आला, आणि न्हाव्याच्या दुकानातला एक गृहस्थ तर एका गालावर साबण तसाच ठेवून आला.

"आत्या, आज उलटं कसं काय?" टायरवाल्याने विचारलं.

"डिझेल वाचवतेय," आत्या म्हणाली.

सगळे हसले, आत्याही हसली. पण खाली उतरताना आयुष्यात पहिल्यांदा तिला या गल्लीत कुणाच्या नजरेला नजर देववेना.

झालं होतं ते असं. हुकाला फरशांनी भरलेला ट्रक, समोर घाटाचा सगळ्यात उभा चढ. शेवटून दुसऱ्या वळणावर इंजिनच्या तेलाचा काटा लाल पट्ट्यात शिरला, दाबाचा काटा खाली बसला आणि दिवा लागला. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं की इंजिन आतून खरवडून निघतं, हे आत्याला माहीत होतं. तिने तिथल्या तिथे गाडी बंद केली. इंजिन वाचलं, पण अब्रू गेली. घाटरस्ता सांभाळणाऱ्या ऑफिसातल्या साहेबाने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "घाटातली कामं आता पैलवान बघेल. तुम्ही आपलं सपाटीवरचं उचलत जा." सपाटीवरचं म्हणजे बॅटरी उतरलेल्या मोटारी आणि खड्ड्यात गेलेले टेम्पो. आत्याच्या लेखी ते काम म्हणजे भाजी निवडण्यासारखं होतं.

ट्रक मुळात दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. दादाच्या डोळ्यांनी दगा दिला तेव्हा स्टिअरिंग आत्याच्या हातात आलं. आता दादाला समोरचं माणूस धुरकट दिसायचं, पण पान्याचं काम तो बोटांनी चाचपून असं करायचा की डोळस माणसाने तोंडात बोट घालावं. आत्या लग्नाच्या भानगडीत पडली नाही, भावाच्याच घरी राहिली. पोरांची आत्या म्हणून गल्लीचीही आत्या.

जेवताना दादाने मान वर न करता सांगितलं, "वीटभट्टीवाला ट्रक मागतोय. सोमवारी बघायला येणारे. मी हो म्हटलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

आत्याचा घास तसाच हातात राहिला. ट्रक गेला तर ती कोण? भावाच्या घरात राहणारी एक बाई, बस्स. हे ती बोलली नाही, पण वहिनीने ताटावरून नजर उचलून तिच्याकडे बघितलं. वहिनी शीतगृहात यंत्रांवर कामाला होती. दिवसभर बटाट्यांना थंडी वाजेल याची काळजी घ्यायची आणि घरी येऊन सगळ्यांना गरम गरम वाढायचं, असा तिचा दिनक्रम. नणंद-भावजयीचं फार गूळपीठ नव्हतं. भांडण नव्हतं, पण दोघींच्या मते घरात एकच शहाणी होती.

"वन्सं, तेल थंड करायला वेगळा कूलर मिळतो ना?" वहिनीने विचारलं.

"मिळतो. उद्याच आणते," आत्या म्हणाली, आणि उरलेला घास तिने दादाकडे बघत चावून चावून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन ऑइल कूलर मांडले गेले. धाकटा वहीएवढा, मधला ताटाएवढा आणि थोरला चांगला पाटाएवढा. आत्याने थोरल्यावर हात ठेवला. तिचा हिशेब सरळ होता: मोठा कूलर, मोठी थंडी. सोबत आलेली वहिनी मात्र मधला उलटासुलटा करून त्याच्या पात्यांतून उजेडाकडे बघत होती.

"वजन किती ओढता?" दुकानदाराने विचारलं.

आत्याने सांगितलं. दुकानदाराने भुवया उंचावल्या.

"आणि गाडी पळते किती?"

"पळते? अहो, पैलवानाच्या नव्या गाडीला मागे टाकते!" आत्या म्हणाली. ते खरंही होतं. रिकाम्या हुकाने, उतारावर.

"मग झालं तर. एवढा वारा मिळणार असेल तर हाच लावा, रेडिएटरच्या पुढे, जाळीमागे. मस्त गार राहील."

"वन्सं, पण रेडिएटरच्या तोंडावर एवढं मोठं..." वहिनीने सुरुवात केली.

"वहिनी, हा ट्रक आहे. बटाटे नाहीत," आत्या म्हणाली, आणि विषय मिटला.

दादाने चाचपत, पुटपुटत कूलर बसवला. तेलाच्या फिल्टरखालून नळ्या काढून पुढे नेल्या. मग आत्याने वेल्डिंगवाल्याचा सळयांनी भरलेला टेम्पो हुकाला लावला आणि घाटाची वाट धरली. तेलाचा काटा शहाण्या मुलासारखा जागेवर बसला होता. आत्या गाणं गुणगुणायला लागली. तिसऱ्या वळणावर गाणं थांबलं, कारण आता पाण्याचा काटा चढायला लागला होता. चौथ्या वळणावर बॉनेटखालून वाफ आली. तेल गार होतं आणि रेडिएटर उकळत होता.

तिने थांबून पाणी निवू दिलं, टेम्पो घेऊन तशीच माघारी आली. यावेळी निदान स्वतःच्या चाकांवर. दादाने बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून काढला. वहिनी काही बोलली नाही, आणि तेच आत्याला जास्त लागलं. त्या बाईने एकदा तरी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायचं होतं, म्हणजे भांडता तरी आलं असतं.

शनिवारी वहिनीला सुट्टी होती. सकाळीच फोन आला: सपाटीवर एक मोटार रस्त्याकडेच्या चरात उतरली होती. आत्या निघाली तशी वहिनी न विचारता शेजारी चढून बसली. काम किरकोळ होतं. ट्रक रस्त्यावर उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं, विंचच्या दोराने मोटार हळूहळू वर खेचायची. पण चर खोल होता, चिखल घट्ट होता आणि काम लांबलं. आत्याने सहज केबिनमध्ये डोकावून बघितलं तर पाण्याचा काटा पुन्हा वर.

"घाट नाही, चढ नाही, आणि तरी तापतेय मेली!" तिने दारावर बुक्की मारली.

वहिनी ट्रकच्या पुढे जाऊन उभी राहिली होती. तिने पदराचं टोक जाळीसमोर धरलं. ते जेमतेम हललं.

"वन्सं, इकडे या. वारा बघा किती येतोय."

"मागे इंजिनचा पंखा आहे ना ओढायला."

"आहे की. पण त्या एका पंख्याच्या ताटात आता दोघं जेवायला बसलेत. तुमचा कूलर पुढे बसून आधी ताव मारतो. रेडिएटरच्या वाट्याला गरम उष्टं."

"चालत्या गाडीला समोरून भरपूर वारा असतो, वहिनी."

"असेल. पण आपली गाडी..."

"आपली गाडी चालते कधी?" आत्याच म्हणाली.

तिला दुकानदाराचा प्रश्न आठवला आणि आपलं उत्तर आठवून तिची तिलाच लाज वाटली. ट्रक पळायचा तेव्हा त्याला काहीच काम नसायचं. तो घाम गाळायचा तो उभ्याने, विंच ओढताना, नाहीतर घाटात बैलाच्या चालीने चढताना. ज्या वेळी वारा हवा, नेमकी त्याच वेळी वारा नाही. आणि आपण ऐटीत काय सांगून आलो, तर पैलवानाला मागे टाकते!

"तुमच्या शीतगृहात काय करतात हो?" तिने जरा पडेल आवाजात विचारलं.

"आमची यंत्रं जन्मभर एका जागी उभी असतात, वन्सं. प्रत्येकाला स्वतःचा पंखा."

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. चरातल्या मोटारीचा मालक घाबरून म्हणाला, "ताई, माझी गाडी निघेल ना?"

"तुमची निघाली आणि आमचीही निघाली," आत्या म्हणाली.

त्याच दुपारी दुकानदाराने कूलर परत घ्यायला तोंड वाकडं केलं. आत्याने आज ऐट बाजूला ठेवून सगळं सरळ सांगितलं. "माझी गाडी पळत नाही हो. उभ्याने राबते, नाहीतर गोगलगायीसारखी चढते."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत पळते किती, मी पळण्याचं सांगितलं."

यावेळी निवड दोघींनी मिळून केली. कूलर मधला, ताटाएवढा. पण पाठीला स्वतःचा विजेचा पंखा असलेला, तेल ठरावीक तापलं की आपोआप सुरू होणारा. सोबत एक झडप, थंड तेलाला कूलरकडे जाऊच न देणारी, कारण पहाटेच्या गार तेलाला आणखी गार करून इंजिनचं भलं होत नाही. हे मात्र आत्याने सांगितलं आणि वहिनीने मान डोलावली. वहिनीने पंखा काउंटरवर लावून बघायला लावला, हात पुढे धरला, मागे धरला, आणि मगच "चालेल" म्हणाली. जागा ठरली केबिनच्या मागे, डावीकडच्या चौकटीवर. तापणारा सायलेन्सर उजवीकडे होता. "आणि मागे वीतभर मोकळं ठेवा," वहिनीने दादाला बजावलं. "गरम हवेला पळायला वाट नसेल तर पंखा फिरून काय उपयोग?"

दादाने संध्याकाळभर काम केलं. नळ्या बसवून झाल्यावर त्याने प्रत्येक नळीवरून टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवली, कुठे घासत तर नाही ना हे बघायला. सोमवारचा विषय कुणी काढला नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला. घाटाच्या ऑफिसातला साहेब होता, आणि आज आवाज गोड नव्हता, घाबरलेला होता. पायथ्याच्या वळणावर बस आडवी बंद पडली होती, दोन्हीकडे रांगा लागल्या होत्या आणि पैलवान घाटाच्या पलीकडे दुसऱ्या कामात अडकला होता. "आत्या, जमेल का?"

"रस्ता मोकळा ठेवा," एवढंच आत्या म्हणाली.

दादा केबिनमध्ये चढला. वहिनी मध्ये बसली. बसमधली माणसं मागच्या गाड्यांतून पांगली होती, पण बस ती बस. आत्याने तिचं नाक उचललं, साखळ्या दोनदा तपासल्या आणि पहिल्या गिअरमध्ये चढाला लागली.

"तेलाचा काटा कुठंय?" दादाने विचारलं. त्याला दिसत नव्हता.

"मध्ये," वहिनी म्हणाली.

दादाचा पाय प्रत्येक वळणावर नसलेल्या क्लचवर दाबला जात होता. आत्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"आता?"

"थोडा वर. अजून थोडा. वन्सं, लाल पट्टीजवळ आलाय."

इंजिन घुमत होतं, बस मागे लोंबकळत होती आणि काटा सरकत होता. इथं थांबलं तर पुन्हा सुरुवात नाही, हे तिघांनाही कळत होतं.

"लागला," दादा एकदम म्हणाला.

"काय लागलं?"

"पंखा. ऐका की."

इंजिनच्या गदारोळात त्या दोघींना काही ऐकू आलं नव्हतं. पण पाठीमागून एक बारीक घरघर खरंच सुरू झाली होती. काटा पट्टीच्या कडेला जाऊन टेकला. तिथेच थरथरला. आणि मग, आत्याच्या डोळ्यांदेखत, केसभर मागे आला.

"मागे आला!" वहिनी ओरडली. "पाण्याचाही जागेवर आहे! दोन्ही जागेवर!"

शेवटून दुसरं वळण आलं. आत्याने दात आवळले, स्टिअरिंग फिरवलं, आणि वळण मागे पडलं. रांगेतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही. दोन्ही हात कामात होते.

माथ्यावर साहेब स्वतः उभा होता. मागच्या गाड्यांतून उतरलेले प्रवासी टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने तर बॉनेटवर थाप मारली आणि चटका बसला नाही म्हणून पुन्हा मारली.

"आत्या, उद्यापासून घाटाचे फोन तुम्हालाही..." साहेबाने सुरुवात केली.

"उद्यापासून कशाला? आजचं झालंच की," आत्या म्हणाली, आणि बस सोडवायला मागे गेली.

ती परत आली तेव्हा वहिनी खाली उतरली होती आणि दादा केबिनमध्येच फोनवर होता. "नाही, नाही. उद्या येऊ नका. ट्रक विकायचा नाही. बिघडलाय? छे हो! बिघडलेला नाही, म्हणूनच विकायचा नाही."

इंजिन अजून संथ चालू होतं. एवढा चढ ओढल्यावर ते लगेच बंद करायचं नसतं, तेल निवू द्यावं लागतं. आत्या ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली, पण वर चढली नाही.

"दादा, तू बस इकडे. माझी पाठ धरलीय. निवलं की बंद कर."

पाठ ठणठणीत होती. वहिनीला ते कळलं आणि ती तोंड फिरवून दरीकडे बघायला लागली. दादा सरकत सरकत स्टिअरिंगमागे आला. त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले, नेहमीच्या जागी, आणि धुरकट रस्त्याकडे तोंड करून कान देऊन बसून राहिला. थोड्या वेळाने मागचा पंखा आपोआप थांबला. दादाने आणखी जरा वाट बघितली. मग त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि खिडकीतून हात बाहेर केला.

"नळ्या नवीन आहेत," तो किल्ली आत्याच्या तळहातावर ठेवत म्हणाला. "उद्या निघायच्या आधी तेल बघून घे."