चुन्याखालचा कागद

कागद भिंतीवर डकवला गेला तेव्हा मथुराबाई घरी नव्हती. लेकीकडे, शीलाकडे, दिग्रसला गेली होती. परतली तर दाराशेजारी मातीच्या भिंतीवर निळ्या शिक्क्याचा एक कागद. तिला वाचता येत नव्हतं. सरकारी माणसं भिंतीवर काही ना काही करून जातातच. कधी पोलिओवाल्यांचा खडू, कधी घरमोजणीचा आकडा. तिने तो राहू दिला. सरकारी कागद फाडू नये, एवढं तिला ठाऊक होतं.

मग जयंती आली. चौदा एप्रिलला त्या वस्तीतलं एकही घर चुन्यावाचून राहत नाही. मथुराबाईने चुन्यात नीळ कालवली आणि भिंत पोतारली. कागद फाडायचा नव्हता म्हणून त्याच्यावरूनच दोन हात दिले.

तीस एप्रिलला कोतवाल भावसिंगने ओट्याला सायकल टेकवली. "काकू, गायरानातल्या दहा घरायले स्टे भेटला. तुमचंच नाव नाही त्याच्यात. तीन तारखेले घर पाडाची मशीन येऊन राह्यली."

"असं कसं? उकंडानं सगळ्यायचं केलं ना!"

उकंडा शेजारच्याच घरातला. तो बाहेर आला. "वहिनी, मी तुमाले तीनदा इचारलं, घर हटवाचा कागद आला का म्हून. तुम्ही म्हणे, नाही आला."

"हातात कुठं आला?"

"हातात नाही," भावसिंग म्हणाला. "तुम्ही नव्हत्या त म्या भितीवर डकवला."

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीशुभ्र होती.

त्याच दुपारी उकंडा तिला तालुक्याच्या कोर्टात घेऊन गेला. गरिबांना फुकट वकील मिळतो त्या खोलीत साधना नावाच्या वकीलबाई बसत. दहा घरांचे स्टे त्यांनीच आणले होते.

"आजी, प्रत्येक घराचा हुकूम वेगळा आहे. त्याचा क्रमांक आणि तारीख नसली तर अपील घेणारच नाहीत. नक्कल मागितली तर आठ दिवस लागतात. मुदत दोन मेला संपते, आणि उद्या सुटी."

"बाई, कागद हाय. चुन्याखाली हाय."

वकीलबाई लिहिता लिहिता थांबल्या. "मग कसाही काढून आणा. परवा सकाळी मी इथेच आहे."

परतताना जीपमध्ये उकंडा म्हणाला, "बाबासाहेबायनं वाचा म्हटलं, वहिनी. तुम्ही पोतारून बसल्या."

सकाळी तिने ओलं फडकं लावलं. चुना सुटला आणि त्याच्यासोबत कागदाचा कोपरा लगद्यासारखा बोटाला चिकटून आला. अर्धा शिक्का गेला. तिने चटकन हात मागे घेतला. तळहाताएवढ्या जागेत तिचं सगळं घर होतं, आणि ते हाताला लागलं की विरघळत होतं.

ही भिंत नवऱ्याने घातली होती. माती दोघांनी मिळून तुडवली होती.

"उकंडा, सबल आण."

"कायले?"

"भितच नेऊ."

कागदाच्या चारही बाजूंनी लोखंडी सबलीने टोचत टोचत उकंडाने भिंतीचं ढेकूळ मोकळं केलं. खांद्यापर्यंत माणूस आत जाईल एवढं भोक पडलं. मथुराबाईने ढेकूळ जुन्या लुगड्यात गुंडाळलं, घमेल्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मांडीवर धरून नेलं. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी वर उचलायची.

वकीलबाईंनी ओल्या कुंचल्याने चुना थोडा थोडा टिपला. एकेक आकडा दिसायला दुपार झाली. पावणेपाचला अपील दाखल झालं.

"स्टे भेटला?" मथुराबाईने विचारलं.

"सोमवारी ठरेल."

"मशीन त उद्याच हाय."

"ही पोच दाखवा. त्यांनी थांबायला हवं." वकीलबाईंनी क्षणभर खाली पाहिलं. "थांबतीलच, असं मी नाही सांगू शकत."

घरी पोहोचली तर ओट्यावर तलाठी लिहीत बसलेले; भावसिंग टेप गुंडाळत होता. तिने पोच पुढे केली. तलाठ्यांनी ती पाहिली, परत दिली.

"पोच म्हणजे स्टे नव्हे. आणि तुम्ही तर स्वतःच घर पाडायला घेतलंय." त्यांनी पंचनामा वाचून दाखवला: भिंत पाडलेली आढळली, रहिवाशाने अतिक्रमण स्वतःहून काढण्यास सुरुवात केली आहे. "बरं केलं आजी. इथे अंगठा द्या."

शाईचा डबा उघडा होता. जन्मभर तिने, दाखवतील तिथे अंगठा दिला होता. भोकातून आतली चूल दिसत होती, बाबासाहेबांची तसबीर दिसत होती. तिने अंगठा मुठीत दाबला.

"वकीलबाईले दाखवल्याबिगर देत नाही."

"मग नकार दिला, असं लिहावं लागेल."

"लिहा. आन त्याचा एक कागद मले द्या. हातात द्या. भितीवर डकवू नका."

भावसिंगने मान खाली घातली.

ते गेल्यावर मथुराबाई भोकाला पाठ लावून बसली. उद्या मशीन आली तर आधी तिलाच उचलावं लागणार होतं.