घरचाच नंबर

वर्लीन स्टिडम सकाळी रेडिओ स्टेशनवर आली तीच दमलेली. चाऱ्याच्या दुकानामागच्या त्या दोन खोल्यांतून आमच्या पिनी फोर्कच्या खोऱ्याला पंचेचाळीस वर्षं कंट्री गाणी ऐकू येत होती, आणि आजचा दिवस मावळला की ती थांबणार होती. म्हातारा मालक गेला, मुलांनी स्टेशन शहरातल्या एका कंपनीला विकलं. उद्यापासून गाणी उपग्रहावरून येणार. कुणाची गाय चुकली आणि कुणाच्या घरी मयत झाली, हे उपग्रहाला कोण सांगणार?

एके काळी दर शनिवारी बाहेरच्या खोलीत बँड वाजत. पोरं खाणीतून थेट यायची, मानेवर कोळसा तसाच. वर्लीनचा नवरा डॉइल स्टील गिटार वाजवायचा, ती समोर आडवी ठेवून बसून वाजवायची असते ती. पुढे बँड गेले, खाणी बंद पडल्या, जाहिराती आटल्या. उरली वर्लीन, तिच्या रेकॉर्डी आणि नऊचा अदलाबदलीचा तास.

त्या तासाला लोक फोन करून जुन्या वस्तू विकायला काढत. नाव सांगायचं नाही, फक्त नंबर, अशी रीत. पण आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर तोंडपाठ, त्यामुळे नुसतं झाकल्यासारखं करायचं. पाळणा विकायला निघाला की त्या घरात आता मूल नाही, हे सगळ्या खोऱ्याला कळायचं.

"बोला, काय विकायचंय?" तिने आजचा शेवटचा फोन घेतला.

"एक स्टील गिटार आहे, बाई. जुनी आहे, पण सूर सोडत नाही."

आवाज डॉइलचा होता. सकाळी दोघांनी एकाच टेबलावर कॉफी घेतली होती, तेव्हा हा बाबा अवाक्षर बोलला नव्हता.

"किंमत?"

"वाजवणारा येऊ दे. किमतीचं बघू."

रीत म्हणजे रीत. परक्याचा वाचावा तसा तिने स्वतःच्या घरचा नंबर दोनदा वाचला.

दुपारी प्रवचनाची टेप लावून ती घरी गेली. ओसरीवर झाकलेली तीन भांडी होती. डॉइल फोनशेजारी खुर्ची ओढून बसला होता.

"आला कुणाचा?"

"फोन नाही आला. घेवडा आलाय, मक्याचा पाव आलाय, शेजारच्या ओमाने कोंबडी पाठवलीय. कुणी मेल्यावर येतं ते सगळं आलंय."

"अरे, मला आधी सांगायचंस तरी."

"तू नको म्हणाली असतीस. बोटं वळत नाहीत माझी, वर्लीन. गिटार तिथं चादरीखाली पडलीय, बघवत नाही. कुणीतरी वाजवावी, एवढंच." तो फोनकडे बघत राहिला. "पण अख्ख्या खोऱ्यात एकालाही नको. इतकी वर्षं मी काय वाजवत होतो कोण जाणे."

स्टेशनवर परत जाताना वर्लीन ओमाच्या फाटकाशी थांबली.

"ओमा, तुझा पोरगा लेस्टर, तो स्टील गिटार वाजवतो ना गं?"

"वाजवतो. सकाळी फोन उचललाच होता त्याने, मीच खाली ठेवायला लावला." ओमा आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी नोकरी चालली म्हणून बिचारा गिटार मोडीत काढतोय. अशा वेळी ती घ्यायची म्हणजे मेल्याच्या टाळूवरचं लोणी खायचं. आम्हा सगळ्यांचं तेच ठरलंय."

"अगं, तसलं काही नाही. आम्हाला काही कमी नाही."

"तू असंच म्हणणार," ओमाने तिचा हात थोपटला. "मानी आहेस."

आता काय करावं या गावाला? दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं.

स्टेशनला परवानगी फक्त उजेडाची. सूर्य बुडाला की बंद. रोज त्या वेळी वर्लीन म्हणायची, 'उजाडताच परत येऊ.' आज ते खोटं ठरलं असतं. ती मायक्रोफोनपुढे बसली. निरोपाचं काही लिहून आणलं होतं, ते तिने बाजूला सारलं.

"सकाळी गिटारीसाठी दिलेला नंबर आमच्या घरचा आहे," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्याकडे अडचण नाही. डॉइलची बोटं चालत नाहीत आणि गिटार मुकी पडलीय. तो सकाळपासून फोनपाशी बसलाय. त्याला वाटतंय, त्याचं वाजवणं तुम्हाला कधी आवडलंच नाही. तेव्हा दया पुरे. भांडी धुऊन परत करीन, आणखी पाठवू नका. फोन करा."

तिने नंबर पुन्हा दोनदा वाचला आणि यंत्र बंद केलं. पंचेचाळीस वर्षांची घरघर थांबली.

निघते आहे, हे सांगायला तिने घरी फोन लावला. लाइन गुंतलेली होती. रेकॉर्डी खोक्यात भरून पुन्हा लावला, तरी गुंतलेलीच. अंगात कोट चढवून तिसऱ्यांदा लावला. पुन्हा तोच टूं-टूं आवाज. वर्लीन कोटासकट खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. रिसीव्हर मात्र तिने कानापासून काढला नाही.