जागं न केलेलं लाकूड

जलालुद्दीन मिस्त्रीला या उद्योगात पैसा मिळणार नव्हता, हे आधीच सांगतो. सख्ख्या पुतण्याकडून मजुरी घेणार कोण? त्याला हवं होतं नाव. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं तो कोळशाच्या पट्ट्यांवर फिटर होता. पट्टा दुसऱ्याचा, बोल्ट दुसऱ्याचा, पाना तेवढा याच्या हातात. निवृत्त होऊन पोंभुर्ण्याला परतला तो निरोपाचं घड्याळ मनगटावर बांधून, आणि बायको खातून दर चार दिवसांनी विचारायची, "एकतीस साल में तुमने बनाया क्या जी?"

उत्तर त्याला अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात सापडलं. पुतण्याच्या तळघरात.

पुतण्या शहबाज, त्याची बेकरी. भट्टीला आठवड्याला एक ट्रॉली लाकूड लागायचं. ते तो तळघरात भरायचा. पावसात ओलं होऊ नये म्हणून, असं तो सांगायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या फॉरेस्टवाल्याला उगाच मोजत बसायचे कष्ट नकोत, हे सांगायचा नाही. तळघराला तेरा पायऱ्या. डोक्यावर मोळी घेऊन त्या उतरायची पोचू आणि त्याची बायको सोमारी. जंगलातल्या गावातून आलेली गोंड जोडी, बारा वर्षं बेकरीमागच्या खोलीत राहणारी. ट्रॉलीमागे सोमारीच्या साठ खेपा.

त्या उन्हाळ्यात सोमारीची कंबर गेली. चार दिवस ती उठली नाही. शहबाज वाईट माणूस नव्हता, पण काम जोडीचं होतं आणि खोलीही जोडीची होती. दुसरी जोडी पाहावी लागेल, असं तो दोनदा बोलला, तेही पोचूला ऐकू जाईल असं.

पोचू मिस्त्रीकडे आला. "जलालभाऊ, तुमी तं कोळसा बिनमाणसाचा वर चढवत होते म्हणते. आमचं लाकूड खाली नाई उतरवता येत का जी?"

"चढवणं कठीण असते रे. उतरवाले काय लागते?" मिस्त्री म्हणाला. ही बढाई होती, पण त्या क्षणापासून तिला पाय फुटले.

तो वही आणि घड्याळ घेऊन बेकरीवर जाऊन बसला. कंबरेला फडकं आवळून सोमारी पुन्हा कामावर आली होती. मोळी बांधायच्या आधी ती प्रत्येक लाकूड वरच्या पायरीच्या दगडावर दोनदा आपटायची. ठक, ठक. मग क्षणभर थांबायची. मग दुसरं.

"सोमारीबाई, हे काऊन?"

सोमारी हसली. "लाकूड जागं करून राह्यली जी."

"जागं करून भट्टीत घालतेस? त्याहून झोपलेलं बरं ना!"

तीही हसली, पोचूही हसला. मिस्त्रीनं वहीत लिहिलं: आपटणं, चारशे ऐंशी वेळा. पुढे लिहिलं: फुकट. आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

महिनाभर खातूनच्या अंगणात ठिणग्या उडाल्या. मोडक्या बंडीचा आस, भंगारातले अँगल, डांबराची पिंपं कापून सपाट केलेला पत्रा. ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रॉलिक हातांवर बसेल अशी पेटी, आणि पेटीपासून तळघराच्या झरोक्यात शिरणारी बारा फुटी पन्हाळ. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, पेटीत लाकूड भरायचं, दांडा ओढायचा. पेटी वर उचलून कलते आणि लाकूड घसरत थेट तळघरात.

पहिल्या दिवशी लाकूड आडवं होऊन पन्हाळीत अडकलं. खातून पदराआड हसत म्हणाली, "अजी, ये तो मेरे समधी जैसा है. अंदर भी नहीं जाता, बाहर भी नहीं निकलता." मिस्त्रीनं पन्हाळीचं तोंड रुंद केलं. दुसऱ्या रविवारी अख्खी ट्रॉली पाऊण तासात खाली गेली. बसस्टँडवरची माणसं चहाचे कप घेऊन बघायला आली. कोणीतरी तिला 'जलालची पन्हाळ' म्हटलं आणि ते नाव संध्याकाळपर्यंत चिकटलं.

शहबाजनं दुसऱ्या जोडीचा विषय सोडला. मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे पोचू वर न आपटताच पेटी भरायचा. सोमारीला मिस्त्रीनं स्वतः सांगून खालचं काम मिळवून दिलं. "बसल्या बसल्या थप्पी लावायची, बाई. चढणं नाई, उतरणं नाई. दिवसातून एकदा खाली, एकदा वर."

"देव भलं करो जी तुमचं," ती म्हणाली. कोणता देव, ते दोघांनीही विचारलं नाही.

चार ट्रॉल्या नीट उतरल्या. पाचवी जुलैतली. लाकूड आठ दिवस डेपोत भिजत पडलेलं. दुपारी ते घसरून खाली गेलं, सोमारी थप्पी लावू लागली. मध्येच वर ओरडून म्हणाली, "बोटाले लाकडाची फास रुतली वाट्टे," आणि काम चालू ठेवलं. थप्पी पूर्ण केली. चहा प्यायला वर आली तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या.

"झोप येऊन राह्यली," ती पोचूला म्हणाली. "आज तं काई कामही नाई केलं."

पोचूनं तिचं बोट उजेडात धरलं. मग तिला पाठीवर घेतलं. शहबाजनं जीप काढली. चंद्रपूरच्या वाटेवर, अर्ध्यात, तिचा श्वास थांबला. थप्पीखाली दुसऱ्या दिवशी सापडला तो मण्यार, हातभरही नसेल.

तेराव्यानंतर पोचू परतला तेव्हा मिस्त्री त्याच्या खोलीसमोर बसलेला होता.

"जागं करणं म्हणजे हे होतं?"

"हो जी. दोनदा आपटलं की तो निघून जाते."

"मंग नाव घेऊन सांगायचं होतं ना रे मले!"

"लाकडाजवळ त्याचं नाव घेत नाई भाऊ. घेतलं का येते." पोचूचा आवाज चढला नाही. "आन् तुमाले माहीत असंन वाटलं. आमच्या लेकरायलेही माहीत राह्यते."

मिस्त्रीनं पन्हाळ कापायला गॅस पेटवला, तर शहबाजनं हात धरला. "चाचा, लोहे का क्या कसूर?" पन्हाळ राहिली. आता पोचू प्रत्येक लाकूड दगडावर दोनदा आपटतो, थांबतो, मगच पेटीत टाकतो. पाऊण तासाच्या जागी पुन्हा अख्खा दिवस जातो. घाई कर, असं त्याला कोणी म्हणत नाही.

आता हिशेब. शहबाजची भट्टी एक दिवस विझली, दुसऱ्या दिवशी पेटली. मूल गावच्या राइस मिलवाल्यानं तशीच पन्हाळ मागितली. मिस्त्रीनं दार लावून घेतलं, पण नाव मात्र त्याला मिळालं, जन्मभराचं. काय बनवलं, हे खातून आता विचारत नाही. पाच ट्रॉल्यांत सोमारीच्या वाचलेल्या पायऱ्या सात हजार आठशे. त्यांची भरपाई तिनं एकाच दुपारी केली, बसल्या बसल्या.