बाण कोणत्या चेहऱ्यामागे

कुठलीही नवी वस्तू घरात आली की ती उघडून आत काय आहे ते बघितल्याशिवाय स्नेहाला चैन पडत नसे. मिक्सर झाला, इस्त्री झाली. तेव्हा दवाखान्यात कॉम्प्युटरवर नवऱ्याच्या नजरेला वळण लावताहेत म्हटल्यावर ती बघायला गेली नसती तरच नवल.

नवरा म्हणजे पराग. पोटात दारू गेली की सगळं जग आपल्यावर डोळे वटारतंय असं त्याला वाटे. जगाला मारता येत नाही म्हणून हात बायकोवर उठे. हा काही खुलासा झाला नाही, पण तो स्वतः असंच सांगे. दिवाळीनंतर तिचा ओठ फाटला आणि ती नानाखेड्याचा फ्लॅट सोडून ऋषीनगरला माहेरी आली. आता त्याने दारू सोडली होती, फ्रीगंजच्या एका दवाखान्यात इलाज चालू होता, आणि येत्या रविवारी तिने घरी परतावं असं त्याचं म्हणणं होतं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही गं. सोचून जा," आई, मंगलाताई, म्हणाल्या.

स्नेहाला घरी जायचं होतं. पण आत काय बदललंय ते आधी बघायचं होतं.

दवाखान्यातल्या निहारिका मॅडमनी तिला सगळं दाखवलं. पडद्यावर एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी येतात, एक रागावलेला, एक शांत. पापणी लवते न लवते तोच ते जातात आणि एकाच्या जागी बाण उमटतो. बाण दिसला की त्या बाजूचं बटण दाबायचं. परागच्या सरावात बाण नेहमी शांत चेहऱ्याच्याच जागी येई.

"प्यायलेल्या माणसाला समोरचा राग आधी दिसतो," मॅडम म्हणाल्या. "ती नजर हलवता येते का, ते बघतोय. जादू नाही ही. बाकीचा इलाज चालूच आहे."

"आणि हा शिकला?" स्नेहाने शेजारी बसलेल्या परागकडे बघत विचारलं.

"शिकतोय."

"बोर होतं यार," पराग लाजत म्हणाला, "पण आता ऑफिसात साहेब काही बोलले तर मला एकदम गुस्सा नाही येत."

"मी करून बघू?" स्नेहाने विचारलंच.

मॅडमनी तिला तपासणीचा प्रकार लावून दिला. त्यात बाण कधी शांत चेहऱ्याच्या जागी येई, कधी रागीट चेहऱ्याच्या. स्नेहाची बोटं झरझर चालली.

"बघा मॅडम, माझ्यापेक्षा तेज आहे ही!" पराग कौतुकाने म्हणाला. स्नेहाही खुशीत आली.

मॅडम मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. "स्नेहाताई, रागीट चेहऱ्याच्या जागी बाण आला की तुम्ही तो लगेच पकडता. शांत चेहऱ्याच्या जागी आला की उशीर लागतो. तुमची नजर रागावर जाते आणि तिथेच अडकते."

"पण मी तर पीत नाही!"

"नाही. पण तुम्हाला रोज बघावं लागत होतं."

पराग स्कूटर स्टँडवर कशी लावतो यावरून स्नेहाला संध्याकाळ कशी जाणार ते कळायचं. पहिल्या घासाला त्याचा जबडा कसा हलतो, यावरून रात्र कळायची. त्याचा सराव दवाखान्यात चालला होता, तिचा घरातच होऊन गेला होता, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिला भयंकर राग आला. ओठ फाटला तेव्हाही एवढा आला नव्हता.

टॉवर चौकापर्यंत दोघं चालत आली. तिथे परागने हळूच विचारलं, "मग, रविवारी येऊ ना सामान घ्यायला?"

उत्तराची वाट न बघता त्याने रिक्षा थांबवायला हात वर केला. स्नेहा झटकन बाजूला सरली. पर्स छातीशी, मान खांद्यात. रस्ताभर लख्ख ऊन, माणसांची गर्दी, आणि न प्यायलेला नवरा.

परागचा हात वरच राहिला. मग त्याने तो खाली घेतला.

"बघितलंस?" स्नेहा म्हणाली. "मी मुद्दाम नाही केलं. मला यायचंय रे, पण अशी नाही येऊ शकत."

रिक्षा येऊन थांबलीच होती. "नानाखेड़ा, भैया?" रिक्षावाल्याने विचारलं.

"नहीं," पराग म्हणाला. दोन्ही हात खिशात घालून तो दोन पावलं मागे सरकला. "मैडम को ऋषिनगर छोड़ देना."