शंभरातले पाच

कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून त्याने चौदा वर्षं काढली होती. कपाच्या काठावर टिचकी मारायची, आवाज बद्द आला की कप बाजूला. शंभरात तीन फुटके निघाले की अख्खं खोकं परत. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तेच त्याला नडलं. स्वतःच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आला, तर तोही तो खोक्यासारखाच तपासत बसला. वरचे आकडे डोक्यावरून गेले. खालची एक ओळ मात्र लख्ख समजली: योग्य आकाराचे शुक्राणू, पाच टक्के.

म्हणजे शंभरात पंच्याण्णव बाद. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निकाल लावू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. याला कळलं नाही.

घरी त्याची बहीण तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली होती. बाळ बायकोच्या मांडीवर आलं, की सासू, म्हणजे त्याची आई, काहीतरी निमित्त काढून ते उचलून नेई. लग्नाला पाच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, आणि दोष कुणाचा हे आईने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळीही "भूक लागली असेल त्याला" म्हणत तिने बाळ नेलं. बायको रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून राहिली. ते त्याच्याने बघवेना. तो आईच्या मागोमाग आत गेला.

"आई, दोष माझ्यात आहे. रिपोर्ट आलाय. तिला काही म्हणू नकोस."

आईने बाळ बहिणीच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःहून बाळ सुनेच्या हातात दिलं. "घे गं जरा, माझी कामं पडलीत."

बायको हरखली, मग तिला शंका आली. खोदून खोदून विचारल्यावर त्याने रिपोर्ट काढून दिला. तिने तो वाचलाही नाही. सरळ त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली.

"शंभरात फक्त पाच चांगले," तो खाली मान घालून म्हणाला. "आमच्याकडे असा माल दारातूनच परत जातो."

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, हे काय कप आहेत? इथे चार टक्के असले तरी चालतं. संख्या बरी आहे, हालचालही चांगली आहे. तरी एका रिपोर्टवर भरवसा नको, महिन्याभराने पुन्हा करू. तोवर यांच्याही तपासण्या करून घेऊ."

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसतच तो बायकोकडे वळला, तर तिचा चेहरा उतरलेला. आपण सुटलो म्हणजे ती अडकली, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं, आणि आपल्या हसण्याची त्याला लाज वाटली.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "आता आईंना खरं सांगून टाका. तुमच्यावर उगाच ठपका नको."

त्याने रिपोर्टची घडी करून खिशात घातली.

घरी पोचल्यावर बहिणीने बाळ वहिनीकडे दिलं आणि स्वतः अंघोळीला गेली. थोड्या वेळात ते वहिनीच्या मांडीवर झोपलंही. आईने दबक्या आवाजात त्याला विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"माझंच आहे. औषधं घ्यायला सांगितलीत," त्याने ठोकून दिलं.

"नाही, आई." बायकोने त्याला तोडलं. "यांचं ठीक आहे. आता माझ्या तपासण्या व्हायच्यात."

आई उठली, सुनेजवळ आली आणि बाळावर वाकली. बायकोने बाळाभोवतीचे हात आपणहून सैल केले. तो मध्ये पडायला पुढे सरकला.

आईने बाळाचं टोपडं सारखं केलं.

"झोपलंय ते," ती म्हणाली. "राहू दे तुझ्यापाशीच. आणि तपासणीला जाशील तेव्हा सांग, मी येते बरोबर."