बावीस बाटल्या

यतीन लडाखला दोनदा आणि बालीला एकदा जाऊन आला होता. घरापासून बसने पोचता येणाऱ्या घोडबंदरला मात्र कधीच नाही. याची त्याला खंत वाटू लागली ती 'सजग प्रवास' नावाचा ऑनलाइन कोर्स केल्यावर. पुढच्याच रविवारी आमच्या पेणकरपाड्यातल्या सोसायटीत सहा जणांचा सजग गट तयार झाला. सहावा मी. मला नाही म्हणायला उशीर झाला.

नियम तीन. बसने जायचं. फोन पिशवीत ठेवायचा, जागा डोळ्यांनी बघायची. आणि जागा आपण आलो तेव्हापेक्षा स्वच्छ करून सोडायची.

खाडीवर पोचलो तेव्हा ओहोटी होती, चिखल लांबवर उघडा पडलेला. यतीन म्हणाला, "आपापली जागा निवडा, डोळे मिटा आणि फक्त ऐका." तो स्वतः सर्वांत लांब जाऊन उभा राहिला. मला माझं पोट ऐकू आलं. नाश्ता नियमात बसत नव्हता.

डोळे उघडले तर चिखलावर जिकडेतिकडे प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीला दोरी.

"काय लोक असतात! कचरा टाकतात तोही बांधून," नीलमवहिनी म्हणाल्या.

यतीनच्या सॅकमध्ये कात्री होतीच. तासाभरात बावीस बाटल्या कापून पोत्यात भरल्या. इतकं पुण्य आमच्या सोसायटीने एका सकाळी कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात काठावरून एक लुंगीवाला धावत आला. मागे डोक्यावर टोपली घेतलेली बाई.

"भैया, सफाई कर रहे हैं," यतीन म्हणाला. "फ्री में."

"किसको पूछ के?"

"कचरे में पूछना क्या?"

त्याने पोत्यात डोकावून पाहिलं आणि हिंदी सोडून दिली. "अगो चंद्रावती, आपल्या बोया कापल्यान यांनी!"

तो धर्मा, टोपलीवाली त्याची बायको. मग उलगडा झाला. प्रत्येक दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाळात खेकड्यांचा सापळा होता. भरती आली की बाटली वर तरंगते, धर्मा होडीतून येतो आणि बाटली बघून सापळा उचलतो.

"आता बाटलीच न्हाय. खेकड्यांना काय हाका मारू?"

"सापळे तिथेच असतील ना?" यतीन.

"हायत की. पन तासाभरात पानी चढंल. पान्याखाली गाळात रुतले का गेले. पावसाळाभर बसून विनलेत आमी दोघांनी."

यतीनचा चेहरा लडाखच्या विरळ हवेतही इतका उतरला नसेल.

नीलमवहिनी खाकरल्या. "रागावू नका हं यतीनभाऊ, पण मी कापण्याआधी एकेकीचा फोटो काढलाय. ग्रुपवर टाकायला."

नियम क्रमांक दोन मोडला होता. यतीन रागवायला लागला आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की हे तर देवासारखं धावून आलं.

धर्मा फोटो बघत सुटला. "ही खांबाजवळची. ही उलट्या होडीमागं. ही तिवरांच्या झाडीत, बेचक्यात." आम्ही गुडघाभर चिखलात, बाटल्या पुन्हा बांधायला त्यानेच दिलेला नवा दोर हातात घेऊन त्याच्या मागे. एकवीस सापळे सापडले. बाविसाव्या फोटोत मात्र बाटली हातात धरून, अंगठा वर करून, खुद्द यतीन उभा होता. 'एक माझाही घ्या,' असं तोच तेव्हा म्हणाला होता आणि आता सोयीस्कर विसरला होता.

"मानूस भरलेला हाय," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "मागं खाडीच दिसत न्हाय."

पाणी चढायला लागलं होतं. "ऱ्हाऊ द्या," धर्मा म्हणाला. ते रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

यतीनने डोळे मिटले. "ती बाटली माझ्या पायाशीच होती. मी ऐकत होतो तेव्हा उजव्या कानाशी पाणी बुडबुडत होतं. आणि डाव्या कानाला कोणीतरी हातोडा मारत होतं."

"तो भूपेश. होडी ठोकत व्हता. आता जेवतो हाय."

"त्याला बोलवा!"

चंद्रावतीबाईंनी काठाकडे हाक दिली. "भूपेश, ठोक रं!"

"काय ठोकू?"

"कायपन ठोक!"

भूपेश ठोकू लागला. यतीन मिटल्या डोळ्यांनी, मान तिरकी करून चिखलात चालू लागला. काठावर लोक जमले. आम्ही त्याला ओळखत नसल्यासारखं उभं राहायचं ठरवलं. पाणी त्याच्या मांडीला लागलं, तो डावीकडे सरकला, थांबला, त्याने पायाने चाचपलं आणि तो किंचाळला.

सापळा सापडला होता. आत खेकडाही होता, आणि जाळीतून त्याला यतीनचा अंगठा सापडला होता. फोटोत वर केला होता तो नव्हे, पायाचा.

आम्ही बांधलेल्या गाठी चंद्रावतीबाईंनी सोडवून पुन्हा बांधल्या. एकही राहू दिली नाही. मग त्यांच्या ओट्यावर चहा झाला. कोर्समध्ये यतीनने डोळे मिटून काय मिळवलं ते माहीत नाही. इथे त्याला बशीभर खेकड्याचा रस्सा मिळाला.

"खरा कचरा तिवरांच्या मागं हाय," निघताना धर्मा म्हणाला. "पुढल्या रविवारी या, मी दाखवतो. पन कात्री घरी ठेवा."

बसमध्ये यतीनने ग्रुपवर अहवाल टाकला: 'गोळा केलेला कचरा शून्य. परत केलेला, बावीस.'